जुन्या धाटणीची सुती फुटबॉल जर्सी धुतल्यावर पिळते, आखडते आणि रंग सोडते: कारणे आणि उपाय

जुन्या धाटणीची फुटबॉल जर्सी मुंबईत शिवून घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. अंगात घालून पाहिली तेव्हा जर्सी नीट बसत होती, पण पहिल्या धुण्यानंतर बिघडली. बगलेखालची शिवण कमरेपाशी येईपर्यंत पोटावर सरकलेली असते, लांबी दोन-तीन बोटांनी कमी झालेली असते आणि जर्सी दोन रंगांची असेल तर पांढऱ्या भागावर गुलाबी झाक चढलेली असते. मग गिऱ्हाईक शिंप्याला बोल लावते, शिंपी धुणाऱ्याकडे बोट दाखवतो, भरपाई म्हणून त्याच रोलमधून दुसरी जर्सी शिवली जाते आणि तिचेही तेच होते. दुसरीचेही तेच होते, यावरूनच दोष शिवणीत नाही हे कळायला हवे. तो कात्री लागण्यापूर्वीच कापडात असतो, म्हणून इलाजही कात्री लागण्यापूर्वीच करावा लागतो. नंतरचे उपाय केवळ डागडुजीचे आहेत.

या जर्सींना मुंबईत मागणी असण्याचे नवल नाही. रोव्हर्स चषक याच शहरात 1891 साली सुरू झाला आणि त्याचे सामने कूपरेजवर पाहिलेली पिढी अजून आहे. त्यामुळे तिथे खेळायला येणाऱ्या कोलकात्याच्या क्लबांची, म्हणजे मोहन बागानची हिरवी-मरून, ईस्ट बंगालची लाल-सोनेरी आणि मोहमेडन स्पोर्टिंगची काळी-पांढरी जर्सी इथल्या ज्येष्ठ खेळाडूंच्या संघांकडूनही मागितली जाते. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले, त्या सामन्यात टाटा स्पोर्ट्सच्या नेव्हिल डिसोझांनी तीन गोल केले. त्या संघाच्या आठवणीसाठी जर्सी करून घेणारेही भेटतात. मागणी करणाऱ्याच्या मनात रंग आणि कॉलर पक्की असते, कापड मात्र क्वचितच असते. फोटोत रंग दिसतो, वीण दिसत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

आधी कापडाचे बोलू. एकोणिसाव्या शतकातील जर्सी लोकरीच्या, फलालिनीच्या किंवा जाड सुताच्या असत. पुढे नाडीची किंवा बटणांची कॉलर असलेली जड सुती जर्सी रुळली, 1950 च्या दशकात तिची जागा आखूड बाह्यांच्या, इंग्रजी व्ही आकाराच्या गळ्याच्या हलक्या जर्सीने घ्यायला सुरुवात केली आणि 1960 च्या दशकात गोल गळा आला. 30 जुलै 1966 रोजी वेम्बलीवर विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडची लांब बाह्यांची लाल जर्सी हा त्याचा सर्वांच्या ओळखीचा नमुना. कृत्रिम धाग्याचे राज्य त्यानंतरचे. म्हणजे 1970 पूर्वीची बहुतेक कोणतीही जर्सी हुबेहूब करायची म्हटली की सुताला पर्याय नाही, आणि सूत आले की पाण्यात आकसणे आलेच. ज्यांना ही कटकट नको आहे त्यांनी पॉलिएस्टरवर छापलेली जर्सी घ्यावी आणि पुढचे वाचू नये. लांबून ती बरी दिसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गिरणगावाचा वारसा सांगून जर्सीचे कापड विकणारे दुकानदार आढळतात, परंतु मुंबईच्या गिरण्यांची ख्याती मागावर विणलेल्या कापडाची होती: धोतरे, साड्या, लाँगक्लॉथ, चादरी. जर्सीचे कापड हे होजिअरीचे, म्हणजे सुयांवर फासे गुंफून केलेले कापड, आणि ते आज मुख्यतः तिरुपूरहून येते. हा फरक केवळ माहितीसाठी सांगत नाही. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात, होजिअरीत एकच धागा फाशांमधून फिरत राहतो आणि त्याला वळायला-सरकायला भरपूर वाव मिळतो. पुढच्या सगळ्या तक्रारींचे मूळ या मोकळीकीत आहे.

शिवण पुढे का सरकते

सूत कातताना त्याला पीळ दिला जातो. एकपदरी सुतातला हा पीळ सुटू पाहत असतो, पण कापडात अडकल्यामुळे त्याला सुटता येत नाही. पाण्याने सूत फुगते, सैल होते आणि प्रत्येक फासा किंचित कलंडतो. एका फाशाचे कलणे डोळ्यांना दिसत नाही. परंतु खांद्यापासून घेरापर्यंत शेकडो फासे एकाच दिशेला कलले की खाली येईपर्यंत शिवण चार-पाच सेंटिमीटर सरकलेली असते. सिंगल जर्सी या नावाने विकल्या जाणाऱ्या, एकपदरी सुताच्या आणि सुयांच्या एकाच रांगेवर विणलेल्या कापडात हे सर्वाधिक होते, आणि विण जितकी सैल तितके जास्त होते.

यात यंत्राचाही वाटा असतो. गोल यंत्रावर एकाच वेळी अनेक ठिकाणांहून सूत भरले जाते, त्यामुळे यंत्राच्या एका फेऱ्यात फाशांच्या तितक्याच ओळी तयार होतात आणि त्या सरळ आडव्या न राहता जिन्यासारख्या चढत जातात. सूत भरण्याची ठिकाणे जितकी जास्त, तितका उत्पादनाचा वेग जास्त आणि तितकाच हा तिरपेपणाही जास्त. शेवटच्या टप्प्यात कापड ओढून, तापवून सरळ केले जाते, म्हणून रोलवर ते निर्दोष दिसते. घरची बादली ही त्याची खरी परीक्षा असते.

यावर कापड निवडतानाच दोन मार्ग आहेत. पहिला इंटरलॉकचा. यात दोन रिब, म्हणजे उभ्या रेघांच्या विणी, एकमेकींत अडकवलेल्या असल्याने दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कापलेली कड गुंडाळली जात नाही आणि कलण्याचा जोर दोन्हीकडून सारखा पडून एकमेकांना छेद देतो. 1960 च्या दशकातली गोल गळ्याची जर्सी करायची असेल तर मी इंटरलॉकशिवाय दुसरे कापड सुचवत नाही. दुसरा मार्ग दुपदरी सुताच्या सिंगल जर्सीचा. दोन धागे त्यांच्या मूळ पिळाच्या उलट दिशेने एकत्र पिळले की दोघांची ओढ बरीचशी फिटते. हे कापड महाग पडते आणि किरकोळ बाजारात सहज मिळत नाही, परंतु नाडीच्या कॉलरची जड जर्सी याच कापडात शोभते. वजनाचा अंदाज हवा असेल तर कापडाचा दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर ठेवावा. ग्रॅममधल्या आकड्याला शंभराने गुणले की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन, मिळते. चौकोन 2.2 ग्रॅम भरला तर कापड 220 जीएसएमचे. आजच्या पॉलिएस्टर जर्सीचे कापड साधारण 130 ते 160 असते, त्यामुळे 220 चे सुती कापड हाताला एकदम वेगळे लागते. मात्र जड म्हणजेच अस्सल, असा हट्ट धरू नये. 1970 च्या विश्वचषकात मेक्सिकोच्या उन्हात इंग्लंडने एअरटेक्स नावाचे जाळीदार, हलके सुती कापड वापरले होते.

कापड घेण्यापूर्वीची चाचणी घरी होते आणि तिला यंत्र लागत नाही. अर्धा मीटर लांबी-रुंदीचे दोन तुकडे फाशांच्या उभ्या रेषेला धरून कापावेत, तीन बाजूंनी शिवून पिशवी करावी आणि नेहमीच्या कपड्यांबरोबर तीनदा धुऊन, प्रत्येक वेळी पूर्ण वाळवून, सपाट टेबलावर पसरावी. उभी शिवण खालच्या टोकाला कडेपासून किती सरकली ते मोजावे. 50 सेंटिमीटरच्या शिवणीत अडीच सेंटिमीटरपर्यंतचे सरकणे, म्हणजे 5 टक्के, चालवून घेता येते. त्यापुढे गेले तर तो रोल परत करावा, दुकानदार कितीही आर्जवे करो. एकदा धुऊन निर्णय घेऊ नये, कारण काही कापडे पहिल्या धुण्यात शांत राहतात आणि दुसऱ्या-तिसऱ्यात कलतात.

आकसण्याचा हिशेब

रंगाई आणि फिनिशिंगच्या वेळी ओले होजिअरी कापड लांबीत ओढले जाते. ते लांब आणि अरुंद होऊन वाळते आणि ही ओढ मनात धरून बसते. पुढे पाणी लागताच ते मूळ मापाकडे परतते. 72 सेंटिमीटर लांबीची जर्सी 7 टक्के आकसली तर पाच सेंटिमीटर गेले, आणि रुंदी मात्र जवळपास तेवढीच राहिली, म्हणून धुतलेली जर्सी आखूड आणि ढगळ अशी दोन्ही दिसते. कॉम्पॅक्टिंग केलेल्या कापडात ही ओढ यंत्रातच काढून घेतलेली असते, तेव्हा ते झाले आहे का हे विचारावे, आणि उत्तर काहीही मिळाले तरी कापड पाण्यातून काढून घ्यावेच. आपल्याकडे ब्लाउजपीस आणि अस्तर पाण्यातून काढल्याखेरीज शिवायला देत नाहीत. जर्सीच्या बाबतीत ही रीत कोण जाणे का विसरली जाते. रोल आदल्या दिवशी उलगडून, ताण न देता थरांत पसरून ठेवणे हेही आवश्यक आहे. धारावीतल्या किंवा लोअर परळच्या गाळ्यांत जागेची चणचण असते आणि रोल थेट टेबलावर ओढून कटिंग सुरू होते, पण मोठी ऑर्डर देणाऱ्याने कटिंग मास्टरकडे एवढा आग्रह धरायला हरकत नाही.

उभ्या दोन रंगांच्या जर्सीत हाच हिशेब अधिक अवघड होतो, आणि इथे अनुभवी कारागीरही फसतात. अर्धी मरून आणि अर्धी पांढरी जर्सी घ्या. पांढरे कापड फक्त विरंजन होऊन आलेले असते, मरून कापड रंगाच्या टाकीत कितीतरी जास्त वेळ राहिलेले, पुन्हा पुन्हा खंगाळलेले असते. दोन्ही कापडे वेगळ्या लॉटची, बहुधा वेगळ्या यंत्रावरची. एक 3 टक्के आकसते, दुसरे 7 टक्के. मधोमध त्यांना जोडणारी शिवण कमी आकसलेल्या बाजूला बारीक लाटांनी भरते. इस्त्रीखाली त्या लाटा दबतात आणि पुढच्या धुण्यात परत येतात. शिंप्याने ताण चुकवला असे सगळ्यांना वाटते. खरे तर त्याने दोन्ही पट्टे अचूक सारखे कापले, हीच अडचण झाली. उपाय एवढाच की दोन्ही रंगांसाठी एकाच विणकराचे, एकाच लॉटचे कोरे कापड घ्यावे, त्यातले अर्धे रंगवून घ्यावे, आणि मग दोन्ही स्वतंत्रपणे पाण्यातून काढून, पूर्ण वाळवून, त्यानंतरच मापे टाकावीत. थोड्या जर्सींसाठी रंगाईवाला एवढे छोटे काम घेत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी दोन-तीन संघांची ऑर्डर एकत्र करण्यावाचून गत्यंतर नसते.

कॉलर आणि आकडे

कॉलर मागावरच्या ड्रिलची, म्हणजे जाड सुती कापडाची, आणि अंग होजिअरीचे, अशी जुन्या जर्सींची रचना अनेकदा असे. दोन कापडांचे आकसणे निराळे असल्याने गळ्याभोवती चुण्या पडतात. कॉलरचे कापड आणि ती ताठ राहावी म्हणून आत घातलेले बक्रम दोन्ही पाण्यातून काढावीत. इस्त्रीने चिकटणारे बक्रम टाळावे, त्याला काही धुण्यांनंतर फोड येतात.

जर्सीवर पाठीमागे आकडे घालण्याची प्रथा इंग्लंडमध्ये 1928 पासून दिसते आणि फुटबॉल लीगने ती 1939 मध्ये सक्तीची केली. तेव्हा त्याआधीच्या क्लबची जर्सी करताना आकडा नसणे हेच बहुधा बरोबर. जुने आकडे कापडाचे आणि शिवलेले असत. लोकरीच्या फेल्टचे आकडे गरम पाण्यात जबर आकसतात आणि भोवतीचे कापड गोळा करतात, म्हणून जाड सुती कापडाचे, आधी धुतलेले आकडे वापरावेत आणि त्यांचा उभा धागा जर्सीच्या उभ्या रेषेत ठेवावा. चिकटवलेल्या आकड्यांची मी शिफारस करत नाही, तरी त्यांनाही इतिहासाचा आधार आहे. 1986 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या सामन्यापूर्वी अर्जेंटिनाची निळी सुती जर्सी उन्हात फार जड होईल म्हणून मेक्सिको सिटीतल्या दुकानातून हलक्या निळ्या जर्सी आणल्या गेल्या आणि त्यांवर अमेरिकन फुटबॉलसाठी केलेले चंदेरी आकडे घाईघाईने लावण्यात आले. त्यातली मॅराडोनाची दहा क्रमांकाची जर्सी 2022 साली सदबीजच्या लिलावात 71 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. त्या जर्सीची नक्कल मागणाऱ्याला शिवलेला आकडा देणे चूक ठरेल.

रंग लागण्याची तक्रार

गडद लाल, मरून आणि निळा हे सर्वात उपद्रवी रंग. सुतासाठी आज बहुतांशी रिॲक्टिव्ह रंग वापरतात; 1956 मध्ये बाजारात आलेले हे रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतात, त्यामुळे ते पक्के मानले जातात आणि तसे असतातही. परंतु टाकीतला सगळाच रंग धाग्याला जोडला जात नाही. बराचसा पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो आणि नुसता कापडावर बसून राहतो. तो उकळत्या साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन काढणे हे रंगाईवाल्याचे काम असते, आणि पाणी, इंधन व वेळ वाचवण्यासाठी सर्वात आधी याच टप्प्याला फाटा दिला जातो. जड पाणी असेल तर हा निकामी रंग निघणे आणखी कठीण होते.

म्हणून मिठाच्या पाण्यात जर्सी भिजवण्याचा घरोघरीचा सल्ला इथे कामाचा नाही. मीठ रंगाच्या टाकीत रंगाला धाग्याकडे ढकलते हे खरे, पण एकदा निकामी झालेला रंग त्याने जोडला जात नाही. उलट तो मिठामुळे कापडावरच दबून राहतो आणि पुढच्या साध्या पाण्यात सुटतो. तुरटीचा उपयोग मंजिष्ठेसारख्या वनस्पतिज रंगांना होतो, या रंगांना नाही. व्हिनेगरचीही तीच गत. करायचे ते नेमके उलटे आहे: न जोडलेला रंग शिवणीपूर्वीच निघून जावा म्हणून गडद कापड सोसवेल तितक्या गरम, साबणाच्या आणि भरपूर पाण्यात वेगळे धुवावे, आणि पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत धुवावे.

रंगाची तपासणी दुकानातच होऊ शकते. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळावा, गडद कापडावर दहा-बारा वेळा जोराने घासावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावा. मंगळदास मार्केट या मुंबईच्या कापडबाजारात आतल्या दिव्यांखाली गुलाबी झाक हमखास निसटते, तेव्हा रुमाल घेऊन बाहेर यावे. घरी आणखी कठोर परीक्षा घेता येते: ओल्या पांढऱ्या कापडावर गडद तुकडा ठेवून दोन्हींवर गरम इस्त्री दाबावी. खाली छाप उमटली तर त्या कापडाला पांढऱ्याचा शेजार देऊ नये.

मुंबईच्या पावसाळ्यात या सगळ्याला वेगळेच वळण लागते. जुलैत गॅलरीत वाळत घातलेली 220 जीएसएमची जर्सी दुसऱ्या दिवशीही दमट असते, आणि जोवर ओल आहे तोवर सुटा रंग कापडातून चालत राहतो. धुताना काहीच न झालेली जर्सी वाळताना डागाळते ती अशी. घडी घालून किंवा पिळून तारेवर टाकली की मरून बाही पांढऱ्या छातीला टेकून तासन्‌तास बसते. धुतल्यावर जर्सी मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे, दोन रंगांच्या थरांमध्ये जुने पांढरे कापड घालावे, आडवी पसरून पंख्याखाली वाळवावी. ओली जड जर्सी खांद्यांवर टांगली तर लांबीत ओघळते, तेव्हा आडवी पसरण्याचा तोही फायदा.

बिघडलेल्या जर्सीचे काय करावे

रंग लागला असेल तर पहिला नियम असा की जर्सी वाळू देऊ नये आणि इस्त्री तर मुळीच करू नये. ओली असतानाच पुन्हा गरम पाण्यात, जास्त साबण घालून धुवावी. त्याने भागले नाही तर ऑक्सिजन ब्लीच वापरता येते, पण आधी आतल्या शिवणीवर थेंबभर लावून गडद रंग टिकतो का ते पाहावे. क्लोरीनचे ब्लीच आणि रंग उतरवण्याच्या पुड्या दोन रंगांच्या जर्सीला लावू नयेत, कारण त्या लागलेला रंग आणि मूळचा रंग यांत भेद करत नाहीत.

पिळलेल्या जर्सीला कायमचा उपाय नाही. ओली असताना शिवणी जागेवर ओढून, टाचण्या लावून, वाफेच्या इस्त्रीने बसवली तर एका सामन्यापुरती सरळ राहते. बगलेत पुरेसे कापड सोडलेले असेल तर शिवण उसवून, कापडाच्या नव्या उभ्या रेषेप्रमाणे पुन्हा घालता येते. घेर एक माप कमी होतो, पण तीन-चारदा धुतलेले कापड त्यानंतर फारसे कलत नाही. आखूड झालेली जर्सी लांब होत नाही. ती धाकट्या भावाला द्यावी.

शिवायला टाकताना चिठ्ठीवर निदान एवढे लिहून घ्यावे: कापड इंटरलॉक की दुपदरी सिंगल जर्सी, जीएसएम किती, सर्व कापडे आणि कॉलर पाण्यातून काढूनच कटिंग, बगलेत दोन सेंटिमीटर जास्तीचे कापड. त्याच चिठ्ठीला दोन्ही रंगांचे न धुतलेले तुकडे टाचून, त्यांवर लॉटचा क्रमांक बॉलपेनने लिहून ठेवावा. पुढच्या मोसमात दोन खेळाडू वाढले आणि आणखी जर्सी लागल्या की दुकानदार तोच माल असल्याचे सांगतो. हा तुकडा जवळ असेल तर रंग आणि विण समोरासमोर ठेवून पाहता येते.